पतंगे-सानचं काज

कुंदा पतंगे माझ्याशी बोलली ते पहिलं वाक्य असं होतं: "वहिनी, तुमचा उजवा खांदा पाव इंच खाली आहे."

मला जपानात सेंदाईला येऊन जेमतेम आठवडा झाला होता. माझा नवरा दिलीप तिथल्या विद्यापीठात धातुशास्त्रात डॉक्टरेट करत होता आणि लग्नानंतर सहा महिन्यांनी, व्हिसाचे सगळे सोपस्कार उरकून, मी त्याच्यामागोमाग पोचले होते. "आपल्याकडची एक मुलगी आहे, कराडची. उपग्रहांवर काम करते, फार हुशार," असं दिलीपनं सांगितल्यामुळे मी शिरा केला होता आणि बरी साडी नेसले होते. उपग्रहांवर काम करणारी मुलगी म्हणजे जाड भिंगाची आणि कमी बोलणारी असणार, अशी माझी समजूत. आली ती पाच फुटांच्या आतली, तेल लावून चापून घातलेल्या वेणीची. दारात बूट काढता काढता तिनं मला वरपासून खालपर्यंत असं न्याहाळलं की बघण्याच्या कार्यक्रमात माझ्या सासूबाईंनीसुद्धा तितकं बघितलं नव्हतं.

"पिशवी कायम उजव्याच खांद्याला लावता ना?" ती म्हणाली. "आता डाव्याला लावत जा. वर्षभरात सारखं होईल."

"तू शिवणकाम करतेस का गं?" मी विचारलं.

"मी? छे ओ. मी हीट ट्रान्सफर करते," असं म्हणून तिनं शिऱ्याची बशी पुढे ओढली.

पुढच्या तीन वर्षांत हे वाक्य मी तिच्या तोंडून कितीदा ऐकलं याला गणती नाही. पिशवी मात्र मी त्या दिवसापासून डाव्या खांद्याला लावते.

तिच्या डोळ्यांत टेप बसवलेली होती. बसस्टॉपवर उभी राहिली की ती समोरून जाणाऱ्या माणसांच्या गळ्याची मापं पुटपुटायची. "साडेपंधरा. चौदा. हा कोट याचा नाही, थोरल्या भावाचा आहे." पोस्टमनची पँट दिवाळीपासून होळीपर्यंत किती सैल झाली यावरून त्याच्या बायकोचं आणि त्याचं बिनसलंय, असं तिनं मला सांगितलं. एप्रिलात नवा पोस्टमन आला, तेव्हा तिनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू बदली तिनंच केली. पुढे कळलं की जुना पोस्टमन बढती मिळून मोठ्या पोस्टात गेला होता आणि पोहायला लागला होता. हे मी तिला ऐकवलं, तर म्हणाली, "माप बरोबर होतं ना? कारण काय ते मी कशाला सांगू, मी काय ज्योतिषी आहे?"

आता ती नेमकं काय करायची ते सांगायला हवं. उपग्रहाला पांघरूण लागतं, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. वर हवा नाही. उन्हाकडची बाजू भाजून निघते आणि सावलीकडची गोठते. म्हणून त्याच्या अंगावर वर्खासारख्या चकचकीत, केसाहून पातळ प्लॅस्टिकचे पंधरा-वीस पदर घालतात आणि दर दोन पदरांत एक बारीक जाळी. उपग्रहाच्या अंगाला शंभर कोपरे, खुंट्या आणि तारा असतात. त्या प्रत्येकाच्या मापानं हे पांघरूण बेतावं लागतं, आणि ते बेतणं, कापणं, टाके घालणं, सगळं माणसाच्या हातानं होतं. पांघरूण कसं असलं म्हणजे आतली उष्णता किती वेळ टिकते, याचं गणित हा कुंदाचा विषय. प्रयोगशाळेत एक मोठी लोखंडी टाकी होती, तिच्यातली हवा काढून घेत आणि आत कडाक्याची थंडी करत. त्या टाकीत ठेवायची पांघरुणं कुंदा स्वतः करायची.

ही वस्तू पहिल्यांदा बघणारा मराठी माणूस एकच गोष्ट म्हणतो. मीही म्हणाले, "अगं, ही तर गोधडी."

कुंदानं भिंतीकडे बोट केलं. तिथे कॅलेंडरशेजारी एक कागद चिकटवला होता. वर ठळक अक्षरांत 'गोधडी म्हणणारे' असं लिहिलेलं आणि खाली नावं. पहिलं नाव दिलीपचं. तिनं माझं नाव लिहून पुढे तारीख घातली. तिचे प्राध्यापक मोरी-सेन्सेइ हा कागद म्हणजे भारतीय पाहुण्यांची नोंदवही आहे असं समजत. कुणी नवीन आलं की ते स्वतः जपानी उच्चारात, नावाला अदबीचं 'सान' जोडून आठवण करत, "पातांगे-सान, यांचं नाव लिहून घेतलं का?"

कुंदाच्या वडिलांचं, आण्णांचं, कराडला बसस्थानकासमोर टेलरिंगचं दुकान होतं. लहानपणी एकदा ही शाळेतून येऊन मशीनवर बसली, तेव्हा आण्णांनी तिला दंडाला धरून उठवलं, देव्हाऱ्यापुढे नेलं आणि शपथ घ्यायला लावली की मशीनला कधी पाय लावणार नाही. शिंप्याच्या पोरीच्या हातात एकदा सुई दिसली की पुढे कुणी तिच्या हातात पुस्तक देत नाही, असं त्यांचं म्हणणं. कुंदानं शपथ घेतली आणि तंतोतंत पाळली. पायाबद्दल ठरलं होतं, हाताबद्दल कुणी काही बोललं नव्हतं.

टेलर स्वतः काजं करत नाही, हेही मला तिच्याकडूनच कळलं. तो कापतो आणि शिवतो. काज-बटण करणारा माणूस वेगळा. आण्णांच्या दुकानात मागच्या खोलीत रसूलचाचा बसायचे. आण्णा बाजाराला गेले की ही चाचांच्या पुढ्यात. सदऱ्यांची, गणवेशांची, पुढाऱ्यांच्या जाकिटांची काजं तिनं केली. "काज म्हणजे भोक नव्हे वहिनी, भोकाची कड," ती सांगायची. "भोक काय, उंदीरसुद्धा पाडतो." चाचांचा एक नियम होता. एकदा काज सुरू केलं की ते पुरं होईपर्यंत मान वर करायची नाही, कुणी का येईना. तो नियम किती पक्का होता ते मी पाहिलंय. एकदा मी प्रयोगशाळेत बसलेली असताना चांगला भूकंप झाला. कपाटं खडखडली, मी टेबलाखाली शिरले. कुंदा एका तारेच्या भोकाची कड करत होती. मान खाली घालूनच म्हणाली, "थांबला की सांगा."

"आणि हे आण्णांना माहीत नाही?" मी टेबलाखालून बाहेर येत विचारलं.

"आण्णांना वाटतं मी इथे गणितं करते. करतेच की. मधूनमधून."

ही बातमी कराडला पोचू नये म्हणूनच आमच्यासाठी ती सुई हातात धरायची नाही. कुणाच्या पिशवीचा बंद तुटो की कोटाचं अस्तर लोंबो, उत्तर एकच, "मी हीट ट्रान्सफर करते." या नियमाला अपवाद झाला नाही, पण एकदा व्हायची वेळ आली होती.

आम्हा सात-आठ मराठी घरांचा गणपती विद्यापीठाच्या एका हॉलमध्ये बसायचा. त्या वर्षी तोक्योहून देवधर आले होते. मुंबईच्या बँकेतले मोठे साहेब, तिथल्या ओजिमा भागात राहायचे. आरतीआधी त्यांनी साष्टांग नमस्कार घातला आणि त्यांच्या पँटची मागची शिवण, सगळ्यांना ऐकू जाईल अशी, उसवली. देवधर उठले ते भिंतीला पाठ लावून उभे राहिले आणि हलायला तयार होईनात. सगळे कुंदाकडे बघायला लागले.

"कुंदा, दोन टाके घाल की," दिलीप म्हणाला.

"दिलीपदादा, मी हीट ट्रान्सफर करते."

पण तिच्या पर्समध्ये सुई कायम असायची. तिनं दोरा ओवला, देवधरांच्या हातात दिला, त्यांना स्वच्छतागृहात धाडलं आणि स्वतः बंद दारासमोर खुर्ची टाकून बसली. "सुई आतून बाहेर काढा, देवधर-सान. किती लांब टाका घेतलात? तांदळाएवढा हवा. तुमचा वालाएवढा आला असणार. उसवा." आतून "हो, हो" असा बँकेच्या साहेबाला न शोभणारा आवाज येत होता. आरती पाऊण तास थांबली. शेवटी देवधर बाहेर आले, गणपतीसमोर उभे राहिले आणि सगळ्यांच्या देखत पुन्हा साष्टांग घातला. हॉलमध्ये टाळ्या पडल्या. पुढे महिन्याभरानं देवधरांच्या बायकोचं कुंदाला पत्र आलं की आमच्या घरची सगळी बटणं आता हेच लावतात, तुमचे फार उपकार आहेत.

मोरी-सेन्सेइंशी तिचं भांडण मात्र खरं होतं, आणि तेही सैलपणावरून. सेन्सेइंना सगळं घट्ट, चापून-चोपून आणि सुरकुतीशिवाय लागायचं. पाहुणे येतात, टाकीतलं पांघरूण गबाळं दिसता कामा नये, हा त्यांचा आग्रह. कुंदाचं म्हणणं, पदर एकमेकांवर दाबले गेले की थंडी आत शिरणार. तंग कोटात जास्त थंडी वाजते हे कुठल्याही शिंप्याला विचारा. शिंप्याला विचारण्याची प्रयोगशाळेत पद्धत नव्हती. वाद घालणं हीसुद्धा पद्धत नव्हती. कुंदानं मान लववून "हाय", म्हणजे जपानीत "हो", म्हटलं आणि दोन पांघरुणं केली. एक घट्ट, बघत राहावं असं. दुसरं ढगळ, धाकट्या भावाच्या अंगात थोरल्याचा सदरा असावा तसं. पाहुणे आले त्या दिवशी घट्ट पांघरूण टेबलावर मांडलेलं होतं, सगळ्यांनी वाखाणलं, फोटो काढले. ढगळ पांघरूण घालून, उपग्रहाच्या जागी ठेवायची पेटी केव्हाच टाकीत बंद झालेली होती.

आकडे अपेक्षेपेक्षा बरेच चांगले आले. सेन्सेइंनी ते तीनदा तपासले. मग टाकी उघडली, आत बघितलं, टेबलाकडे बघितलं आणि बराच वेळ "हं" एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेच्या नियमांच्या वहीत त्यांच्या सुबक अक्षरात एक नवी ओळ आली: पांघरूण किंचित सैल असावं. जणू त्यांच्या पणजोबांपासून चालत आलेला नियम.

"रागावले नाहीत?" मी विचारलं.

"छे. मला बोलावून म्हणाले, पुढच्या वेळी टेबलावरही सैलच ठेवा."

अशी सगळी गंमत चालली होती आणि शिष्यवृत्तीचं शेवटचं वर्ष लागलं. मार्चअखेर तिचा व्हिसा संपणार होता. भारतातल्या अशाच कामासाठी अर्ज करण्याचं वय निघून गेलेलं. जपानी कंपन्या प्रशिक्षणासाठी कोवळे पदवीधर घेत, तिशी गाठलेली परदेशी बाई नव्हे. कराडच्या कॉलेजात मात्र व्याख्यात्याची जागा तिच्या भावानं बोलून ठेवली होती, जूनपर्यंत. "चांगली नोकरी आहे," कुंदा म्हणायची. "चाळीस वर्षं फळ्यावर उपग्रह काढायचा आणि पुसायचा." पांघरुणाला तिचा हात पुन्हा लागला नसता. तिला युरोपात जायचं होतं. सूर्यापासून फार लांबच्या, फार थंड जागी यानं पाठवायची तयारी तेव्हा तिथे चालली होती आणि इतक्या थंडीत पांघरूण कसं वागतं हे तिला बघायचं होतं. ही एकच गोष्ट ती थट्टा न करता बोलायची.

अर्ज मी टाइप करायचे. आमच्या घरी वर्ड प्रोसेसर होता आणि मला वेळ होता. वर्षभरात चौदा अर्ज गेले, चौदा नकार आले. युरोपातल्या मोठ्या अंतराळ संस्थेत फक्त सभासद देशांचे नागरिक घेतात, हे आम्हाला तिसऱ्या पत्रात कळलं. मोठ्या कंपन्यांनी तेच जरा गोड शब्दांत कळवलं. सेंदाईत कचरा वेगवेगळा करून टाकावा लागतो. नकारही कुंदानं तसेच वेगळे केले. 'प्रिय श्रीयुत पतंगे' अशी सुरुवात असलेले, ते जळणारे. नागरिकत्वाची अट घालणारे, ते न जळणारे. कितीही काडी लावा. 'आपला अर्ज भविष्यासाठी जपून ठेवला आहे' म्हणणारे, ते पुन्हा वापरण्याजोगे. तीन पिशव्या आमच्या स्वयंपाकघरात टांगलेल्या असत.

चौदावं पत्र पिशवीत टाकून ती ओट्याला टेकून उभी राहिली आणि एकदम म्हणाली, "वहिनी, मी गाढव आहे."

"का गं?"

"मोठ्या टेलरकडं सूट टाकला म्हणून काजं तो करतो का? काम मागायला मी मोठ्या दुकानांत चाललेय. त्यांची काजं कोण करतं ते शोधायला पाहिजे. युरोपाचा रसूलचाचा कुठे बसतो?"

दुसऱ्या दिवसापासून तिनं सेन्सेइंच्या कपाटातले परिषदांचे जाडजूड ग्रंथ काढले. लेख वाचायचे नाहीत, फक्त शेवटी बारीक अक्षरांत आभार मानलेले असतात ते वाचायचे. आठवडाभरात एक नाव पुन्हा पुन्हा यायला लागलं. हॉलंडमधल्या एका आडगावातली, तीस-पस्तीस माणसांची कंपनी. युरोपातल्या बड्या बड्यांची पांघरुणं तिथे शिवली जात. नागरिकत्वाची अट त्यांच्या खिजगणतीत नव्हती, कारण अर्ज करायला कुणी जातच नव्हतं.

मी कागद भरून टाइप करायला बसले, तर कुंदा म्हणाली, "अर्ज नको." तिनं सेन्सेइंची रीतसर परवानगी घेऊन उरलेल्या पदरांचा तळहाताएवढा तुकडा आणला होता. एका दुपारी आमच्या खिडकीपाशी बसून तिनं त्यात तारेसाठी भोक पाडलं आणि त्याची कड केली, पदर एकमेकांवर दाबले न जातील अशी. मागे नाव-पत्त्याची चिठ्ठी टाचली आणि पाकिटात घातलं.

"अगं, निदान एक ओळ तरी लिही."

"शिंपी नव्या दुकानात काम मागायला जातो तेव्हा तोंड चालवत नाही. चिंधीवर काज करून मालकापुढं ठेवतो आणि बाहेर बाकावर जाऊन बसतो. पटलं तर मालक हाक मारतो."

"हॉलंडला बाक कुठाय?"

"सेंदाई हाच बाक," ती म्हणाली, आणि पोस्टात गेली.

हाक आली. तीन आठवड्यांनी जाड पाकीट आलं. आत एक लांबलचक फॉर्म होता. शिक्षण, विषय, सगळं मी भराभर टाइप केलं. शेवटच्या पानावर प्रश्न होता: हाताच्या शिलाईचं प्रशिक्षण कुठे घेतलं? प्रशिक्षकाचं नाव आणि पत्ता द्या. आम्ही त्यांच्याशी पत्रव्यवहार करू.

कुंदानं फॉर्म टेबलावर पालथा घातला.

मोरी-सेन्सेइंना विचारलं. ते म्हणाले, उष्णतेबद्दल मी तीन पानं लिहीन, पण हात माझ्याकडे येण्याआधीच तयार होता, मी शिकवला असं कसं लिहू? दिलीप म्हणाला, एखाद्या शिवणक्लासचं नाव ठोकून दे, कोण बघतंय. कुंदानं त्याच्याकडे असं बघितलं की तो चहा घेऊन बाल्कनीत गेला. रसूलचाचा जाऊन चार वर्षं झाली होती. राहिले आण्णा.

"आण्णा लिहितील, माझी मुलगी शिवत नाही," ती म्हणाली. "आणि खरं समजून लिहितील. झालं मग."

"मग आधी त्यांना कळव. सगळं खरं सांग."

"काय सांगू वहिनी? देवापुढं शपथ घेतली आणि दुसऱ्या खोलीत जाऊन बसले, असं? इतकी वर्षं?" मग तिनं फॉर्म माझ्यापुढे सरकवला. "दुकानाचा पत्ता घाला. बसस्थानकासमोर. लवकर टाइप करा, माझा विचार बदलायच्या आत."

मी टाइप केलं आणि पाकीट मीच टाकून आले. तिच्या हातात दिलं असतं तर ते पोचलं नसतं, अशी मला भीती वाटली.

जानेवारी गेला, फेब्रुवारी अर्धा गेला. घरून भावाचं पत्र आलं, त्यात कॉलेज होतं, आण्णांच्या गुडघ्याचं दुखणं होतं, आणि दुसरं काही नव्हतं. कुंदा रोज कामाला जायची, पण बसस्टॉपवर गळ्यांची मापं पुटपुटेनाशी झाली. पुण्याहून एक प्राध्यापक आले, टाकीजवळ उभे राहून मोठ्यानं "गोधडी" म्हणाले, आणि तिनं त्यांचं नाव लिहिलं नाही. मोरी-सेन्सेइंनी आठवण केली तरी नाही. तेव्हा मात्र मला काळजी वाटली.

एका दुपारी सेन्सेइंचाच मला फोन आला. हॉलंडहून फॅक्स आला आहे, पातांगे-सान तो हातात घेऊन उभी आहे, पण वाचत नाही, तुम्ही येता का? मी वितळत्या बर्फातून सायकल हाणत गेले. कुंदानं कागद माझ्या हातात दिले आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "वाचा."

वरचा कागद आण्णांच्या पत्राची प्रत होती. शेजारच्या निवृत्त हेडमास्तरांनी इंग्रजीत उतरवलं होतं, पण बोलणं आण्णांचं होतं. मी तिला मराठीतच वाचून दाखवलं.

"महोदय, आपलं पत्र पोचलं. माझी मुलगी कुंदा हिनं शिलाई मशीनला कधी पाय लावलेला नाही, हे मी देवासमोर सांगू शकतो. हाताची शिलाई मी तिला शिकवलेली नाही, तेव्हा मला तिचा गुरू म्हणू नये. ती विद्या तिनं माझ्याच दुकानातून चोरली. आमचे कारागीर रसूलभाई यांना शेवटी शेवटी डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं. तरी त्याच वर्षांत आमच्या दुकानाची काजं सगळ्या कराडात नावाजली गेली. मी त्यांना कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर बंद करावं लागलं असतं. मी दर गुरुवारी दुपारी बाजारात जात असे. काही आणायचं नसलं तरी जात असे. सोबत माझ्या सदऱ्याचं वरचं काज कापून पाठवत आहे. ते तिनं बाराव्या वर्षी केलेलं आहे. नमुना परत पाठवावा, ही विनंती."

खाली त्या चिंधीची छायाप्रत होती. फॅक्समध्ये नुसता काळा चौकोन आणि मधोमध एक पांढरी फट एवढंच उमटलं होतं. दुसऱ्या कागदावर कंपनीचं पत्र. त्यांच्याकडे तीस वर्षं शिवणाऱ्या बाईंनी दोन्ही नमुने भिंगाखाली बघितले होते आणि हातानं दोन ओळी लिहिल्या होत्या: हात एकच आहे. ही मुलगी कधी येऊ शकते?

कुंदानं माझ्याकडून कागद घेतला. काळा चौकोन डोळ्यांजवळ नेला. "डाव्या टोकाला दोन टाके जास्त पडलेत," ती म्हणाली आणि रडायला लागली. मीही रडले. मोरी-सेन्सेइ गडबडून काहीतरी शोधायला धावले आणि टाकी पुसायचे, धूळ न सोडणारे, मोजून वापरायचे रुमाल घेऊन आले. आम्ही ते सगळे संपवले आणि त्यांनी ते वहीत लिहिलं नाही. जाताना कुंदानं भिंतीवरच्या कागदावर पुण्याच्या प्राध्यापकांचं नाव मागच्या तारखेनं घातलं.

मार्चच्या शेवटी ती गेली. आधी कराडला पंधरा दिवस आणि तिथून हॉलंडला. मोरी-सेन्सेइ, दिलीप आणि मी सेंदाई स्टेशनवर सोडायला गेलो होतो. शिनकान्सेन, म्हणजे तिथली बुलेट ट्रेन, वेळेवर लागली. ती खिडकीपाशी बसली आणि पिशवीतून एक पांढरा सदरा काढला. कापड तिनं सेंदाईतल्या बाजारपेठेत चार दुकानं पालथी घालून घेतलं होतं, बेतून सगळा हातानंच शिवला होता. आण्णांचं माप कुठून मिळालं, असं मी आदल्या दिवशी विचारलं होतं. "माप कशाला लागतंय? साडेचौदा गळा. उजवा खांदा पाव इंच खाली, कायम मशीनवर वाकून," ती म्हणाली. सदरा पुरा झाला होता. फक्त वरचं काज राहिलं होतं.

गाडी सुटायला दोन मिनिटं होती. आम्ही काचेपाशी उभे राहिलो. कुंदानं आमच्याकडे एकदा नीट पाहिलं, सुईत दोरा ओवला, गळपट्टीवर नखानं खूण केली आणि काज सुरू केलं. मुद्दाम तेव्हाच सुरू केलं, हे मी आजही पैजेवर सांगेन. मग मान वर झाली नाही. दिलीपनं काचेवर टकटक केलं. सेन्सेइ कमरेतून वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले. गाडी हलली. दोरा ओढायला तिचा हात तेवढा एकदा खांद्यापर्यंत वर आला, पुन्हा खाली गेला, पुन्हा वर आला.

गाडी दिसेनाशी झाल्यावर सेन्सेइंनी हळूच मला विचारलं, "पातांगे-सान आपल्यावर रागावली आहे का?"

"नाही सेन्सेइ," मी म्हणाले, "काज चालू आहे."